सेकंडरीत गेल्यावर आरईची बेसलाइन टेस्ट: मराठी आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

दर सप्टेंबरला हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. मी इंग्लंडमधे सेकंडरी शाळेत आरई, म्हणजे रिलिजस एज्युकेशन शिकवते, त्यामुळे खालचं सगळं इंग्लंडपुरतंच. स्कॉटलंड, वेल्सची व्यवस्था वेगळी आहे, तिकडच्यांनी आपल्या शाळेला विचारा.

ही बेसलाइन म्हणजे नक्की काय? मुलगी घरी येऊन म्हणाली आज धर्माची परीक्षा झाली!

परीक्षा नाही हो. इयर सेव्हनची, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या वर्षाची मुलं आली की पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या तासाला त्यांना एक पेपर किंवा ऑनलाइन क्विझ देतात, त्यात पर्याय निवडा, जोड्या लावा, एखादा फोटो बघून काय दिसतं ते लिहा आणि शेवटी चारपाच ओळींचं एखादं उत्तर, साधारण असं असतं. प्रायमरीत या मुलांनी काय शिकलंय, काय डोक्यात राहिलंय आणि काय चुकीचं बसलंय हे शिक्षकाला कळावं एवढाच हेतू. देवावर विश्वास आहे का, रोज पूजा करता का, असलं काही तपासत नाहीत. ते तपासणं या क्विझचं कामच नाही.

पण शाळेत धर्म शिकवतातच कशाला? आपल्याकडे तर असं नव्हतं.

बरोबर, आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणून आपल्याला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो, आरई आठवत नाही. इथे उलट आहे. १९४४ च्या कायद्याने सरकारी शाळांत धार्मिक शिक्षण सक्तीचं झालं, १९८८ च्या कायद्यात ते आरई झालं आणि स्थानिक अभ्यासक्रम बनवताना ख्रिश्चन परंपरेला मुख्य स्थान देऊन देशातल्या बाकीच्या प्रमुख धर्मांचीही शिकवण आणि आचार लक्षात घ्यायचे असं लिहिलं गेलं. प्रत्यक्ष वर्गात ख्रिश्चन, इस्लाम, ज्यू, हिंदू, शीख, बौद्ध हे सहा आणि त्यांच्या जोडीला हल्ली ह्युमनिझमसारखे देव न मानणारे विचारही येतात. म्हणजे 'धर्म शिकवतात' यापेक्षा 'धर्मांबद्दल शिकवतात' असं समजा. फेथ स्कूल, म्हणजे चर्च किंवा दुसऱ्या धर्मसंस्थेची शाळा असेल तर गणित वेगळं, त्याचं खाली येईलच.

इयर सिक्सला सॅट्स झाल्या ना? मग परत टेस्ट कशाला?

सॅट्स, म्हणजे प्रायमरीच्या शेवटी होणाऱ्या सरकारी परीक्षा, फक्त इंग्लिश आणि मॅथ्सच्या. आरईची नाही. आणि मुख्य अडचण अशी की आरई शिकवणं सक्तीचं असलं तरी नॅशनल करिक्युलममधे तो विषय नाहीये, प्रत्येक लोकल ऑथॉरिटी, म्हणजे स्थानिक कौन्सिल, आपला अभ्यासक्रम ठरवते, तो दर पाच वर्षांनी पुन्हा बघायचा असतो, अॅकॅडमी शाळांना (या कौन्सिलच्या नाही तर थेट केंद्र सरकारच्या पैशावर चालतात) त्यातून सूट असते म्हणजे त्या स्वतःचा बनवू शकतात, चर्च ऑफ इंग्लंडच्या बऱ्याच शाळा आणि कॅथलिक शाळा आपापला शिकवतात, आणि या सगळ्या प्रकारच्या प्रायमरीतून आलेली मुलं सप्टेंबरमधे एका वर्गात माझ्यासमोर बसतात! चर्च स्कूलमधून आलेलं पोरगं 'इनकार्नेशन', 'सॅल्व्हेशन' असे शब्द सहज वापरतं, कॅथलिक प्रायमरीवाल्याने आठवड्याच्या एकूण वेळातला साधारण दहावा हिस्सा आरईत घालवलेला असतो, आणि तिसऱ्या एखाद्याच्या शाळेत आरई म्हणजे ख्रिसमस कार्ड आणि दिवाळीला मातीची पणती, संपलं. ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२४ च्या एप्रिलमधे आरईवर रिपोर्ट आला त्यातही बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमाला खोली नाही असाच सूर होता. प्रायमरीच्या शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांना एकाच माणसाने सगळेच विषय शिकवायचे असतात. पण प्रायमरीकडून आरईबद्दल कामाची अशी माहिती क्वचितच येते, म्हणून आम्हालाच विचारावं लागतं.

मार्क रिपोर्टवर येतात का? पुढे जीसीएसईवर परिणाम होतो का?

बहुतेक शाळांत या क्विझचे मार्क रिपोर्टवर येत नाहीत, आले तरी 'स्टार्टिंग पॉइंट' म्हणून. जीसीएसईशी, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेशी तर काही संबंध नाही, ती पाच वर्षांनंतरची गोष्ट. आरईचे वर्ग सहसा मिक्स अॅबिलिटीच, म्हणजे हुशार-कच्ची सगळी मुलं एकत्र असे असतात त्यामुळे या क्विझवरून खालच्या सेटमधे टाकतील ही भीतीही सोडा.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला पटत नाही ती सांगते. काही शाळा मुलाच्या सॅट्सच्या स्केल्ड स्कोअरवरून, म्हणजे तो ८० ते १२० मधला आकडा, १०० म्हणजे अपेक्षित पातळी, त्याच्यावरून सगळ्या विषयांचे टार्गेट ग्रेड काढतात, त्यात आरई पण आला. इंग्लिशच्या पेपरवरून मूल वाचतं कसं हे कळतं, त्याला ज्यू धर्माबद्दल काय माहितीये हे कसं कळणार? अशा टार्गेटकडे फार लक्ष देऊ नका.

घरी तयारी करून घेऊ का? काही पुस्तक आहे का?

नको! अगदी नको. पाठ करून गेलेल्या मुलाची बेसलाइन आम्हाला निरुपयोगी, मग शिक्षक त्याला येतंय असं समजून पुढे जातो आणि मूल मागे राहतं. मुलाला फक्त दोन गोष्टी सांगून ठेवा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायला लाजायचं नाही, अंदाजाने ठोकायचं नाही. आणि घरी जे बघितलंय तेही ज्ञानच आहे, ते लिहायचं. ही दुसरी गोष्ट आपल्या मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाची, कारण पुढचा प्रश्न.

आमच्या मुलाला दिवाळीचा प्रश्न चुकला!! हिंदू घरातल्या मुलाला दिवाळी चुकते म्हणजे काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

इथल्या प्रायमरीत दिवाळी म्हणजे एकच गोष्ट, राम-सीता वनवासातून अयोध्येला परत आले, लोकांनी दिवे लावले. चूक नाहीच ते. पण आपल्या घरातल्या पोराची दिवाळी कशी असते? पहाटे उठवून उटणं लावून अभ्यंगस्नान, नरकचतुर्दशीची नरकासुराची गोष्ट, कोकणातलं घर असेल तर पायाखाली कारीट फोडणं, गोव्याचं असेल तर रात्रभर गावात फिरवून पहाटे जाळलेला भला मोठा नरकासुर, मग लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, आणि सुट्टीत भारतात गेलं असेल तर चुलत भावांबरोबर अंगणात केलेला किल्ला आणि त्यावरचे मावळे. आता त्या पोरापुढे प्रश्न येतो 'दिवाळी का साजरी करतात', पर्याय चार: राम परत आला, कृष्ण जन्मला, गुरू सुटले, पीक आलं. पोरगं गोंधळणारच. त्याला जे माहितीये ते कुठल्याच पर्यायात नाही. शेजारी बसलेल्या शीख मुलीने 'गुरू सुटले' वर टिक केली तर तिच्या घरच्या दृष्टीने ती बरोबरच आहे, गुरू हरगोबिंदांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटका त्याच दिवसांत साजरी करतात. आणि ज्याने आयुष्यात कधी पणती पेटवली नाही पण इयर फोरचं वर्कशीट नीट भरलं होतं त्याला पूर्ण मार्क.

म्हणजे इथे चुकलाय तो प्रश्न, तुमचा मुलगा नाही.

दुसरा असाच एक वाईट प्रश्न म्हणजे 'हिंदू किती देव मानतात', एक, तीन, तेहतीस कोटी, एकही नाही. याचं एक बरोबर उत्तर कुणाही जाणत्या माणसाला देता येणार नाही, पंढरपूरच्या वारकऱ्याला विचारा आणि अद्वैत शिकलेल्या शास्त्रीबुवांना विचारा. इथल्या पाठ्यपुस्तकांना त्रिमूर्ती फार आवडते, ब्रह्मा विष्णू महेश. आपल्या घरात ब्रह्मदेवाची पूजा कोण करतं सांगा, तिघं एकत्र दिसतात ते दत्ताच्या फोटोत. विठोबा, खंडोबा, तुळजाभवानी ही नावं तर इथल्या पुस्तकात शोधून सापडत नाहीत. त्यामुळे मुलाने 'आमच्याकडे खंडोबा' लिहिलं आणि शिक्षकाला कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दोन ओळींची ईमेल टाका. चांगला शिक्षक असेल तर खूश होतो, खरंच.

आम्ही बौद्ध आहोत / ख्रिश्चन आहोत / मुसलमान आहोत. आमच्या मुलांना पण असंच होतं का?

होतं, कधी कधी जास्तच होतं. इथल्या पुस्तकातला बौद्ध म्हणजे भगवी वस्त्रं घातलेला भिक्खू, ध्यान, वेसाकचा (बुद्धपौर्णिमेचा) सण. नागपूर, औरंगाबाद, मुंबईकडून आलेल्या आपल्या बौद्ध घरातलं मूल लिहितं १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बाबासाहेब, बावीस प्रतिज्ञा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला ही विसाव्या शतकातली केवढी मोठी घटना, पण इयर सेव्हनच्या क्विझमधे तिला जागा नसते. गंमत म्हणजे बाबासाहेब १९२१-२२ मधे जिथे राहिले ते १० किंग हेन्रीज रोडचं घर उत्तर लंडनमधेच आहे, महाराष्ट्र सरकारने २०१५ मधे ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं. लंडनजवळ राहात असाल तर शाळेच्या आरई डिपार्टमेंटला सहलीसाठी सुचवून बघा.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातलं मूल मलिदा (त्यांचा नवसाचा विधी) आणि एलियाहू हनावी (एलिया प्रेषित) लिहील, तेल काढायचा धंदा आणि शनिवारी काम बंद म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे हे आजीकडून ऐकलेलं असेल, आणि पेपर विचारणार सेडर प्लेटवर, म्हणजे ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या ताटात काय काय असतं. ते पण त्याला येईल कदाचित, पण त्याचं खरं ज्ञान बाहेरच राहिलं. वसईच्या किंवा अहमदनगरकडच्या ख्रिश्चन घरातल्या मुलांचं उलटंच, ख्रिश्चॅनिटीच्या प्रश्नांत छान करतात पण शिक्षक त्यांना नावावरून किंवा रंगावरून हिंदू समजून मोकळे. कोकणी मुसलमान घरातल्या पोरांना तर 'तू अरबी बोलतोस का' असं विचारणारे महाभाग आहेत. यावर उपाय एकच, मुलाने आत्मविश्वासाने स्वतःचं सांगावं आणि शिक्षकाने ऐकून घ्यावं.

शाळा मुलाचा धर्म विचारू शकते का? पेपरवर 'माय रिलिजन इज' असं लिहायला लावलं.

शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो भरायचा की नाही तुमची मर्जी. इथल्या डेटा कायद्यात धर्म ही खास जपायची माहिती धरतात. वर्गातल्या क्विझवर नावासकट धर्म लिहून घ्यायची काही गरज नसते, मी तरी घेत नाही. मुलाला नको असेल तर त्याने ती ओळ कोरी सोडावी.

याच्याच जवळचा दुसरा त्रास, 'तू हिंदू ना, मग सांग बरं सगळ्यांना कर्म म्हणजे काय'. अकरा वर्षांच्या पोराला अब्जभर लोकांचा प्रवक्ता केलं! काहींना आवडतं, काहींना मेल्याहून मेल्यासारखं होतं. आवडत नसेल तर शिक्षकाला स्पष्ट सांगा, कुणाला राग येत नाही.

मुलगी थेट पुण्याहून आली, इयर एटला प्रवेश मिळाला. तिला तर हे काहीच माहीत नाही.

तिची बेसलाइन वेगळी करायला हवी, तशी मागणी करा. इंग्लिशमधे वाचायला वेळ लागत असेल तर पेपर वाचून दाखवता येतो, तोंडी उत्तर घेता येतं, चित्रं देता येतात. नाहीतर होतं काय, की मोजलं जातं इंग्लिश आणि लिहिलं जातं आरई. आणि 'काहीच माहीत नाही' हे जरा तपासून बघा. पुण्यात वाढलेल्या मुलीने गणपती, मोहरम, नाताळ, गुरुद्वारा हे सगळं रस्त्याने येताजाता पाहिलेलं असतं, इथल्या एखाद्या लहान गावातल्या मुलाने देऊळ फक्त फोटोत पाहिलेलं असतं. तिला कमी पडतं ते इथलं आरईचं शब्दभांडार, आणि एक बाजू मांडून मग दुसरी मांडून आपलं मत लिहायची सवय. ती एखाद्या टर्ममधे येते.

स्कोर फारच कमी आलाय. मुलगा आरईत कच्चा आहे का?

आधी कुठले प्रश्न चुकले ते बघा, टोटल बघू नका. सगळे इस्लामचे चुकले असतील तर सरळ आहे, त्याच्या प्रायमरीत इस्लाम झालाच नसेल, त्याला तो काय करणार. सगळीकडे थोडं थोडं चुकलं असेल तर वाचनाचा प्रश्न असू शकतो. पर्याय बरोबर निवडले पण लिहायची ओळ कोरी असेल तर बहुतेक वेळ पुरला नाही किंवा कंटाळा केला, अकरा वर्षांची मुलं आहेत, पहिल्या महिन्यात नवीन शाळेत वर्ग शोधतानाच दमलेली असतात.

आणि लेव्हल विचारू नका प्लीज. 'माझा मोठा इयर सेव्हनला लेव्हल फोर होता', तो काळ गेला, आरईलाही आठ लेव्हलची मोजपट्टी होती पण २०१४ ला नॅशनल करिक्युलममधल्या लेव्हल काढून टाकल्यावर हळूहळू तीही मागे पडली. आता प्रत्येक शाळेची भाषा वेगळी, इमर्जिंग, सिक्युअर वगैरे. दोन शाळांची तुलना होत नाही.

मुलाला आरईतून काढून घेता येतं का?

इंग्लंडमधे येतं, कारण द्यावं लागत नाही, पूर्ण विषयातून किंवा काही भागातूनच. शाळा देखरेख ठेवते पण त्या वेळात दुसरं काही शिकवायला बांधील नाही, म्हणजे पोरगं लायब्ररीत बसणार. वेल्सच्या नवीन अभ्यासक्रमात ही सोय राहिली नाही. माझं मत विचाराल तर काढू नका. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे ३७ टक्के लोकांनी धर्म नाही असं सांगितलं, हिंदू दोन टक्क्यांच्याही आत आहेत, लंडनच्या हॅरोसारख्या, भरपूर हिंदू वस्तीच्या भागात राहिलं की ते लक्षात येत नाही एवढंच. आपल्या मुलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं समजून घ्यावं आणि त्यांनीही आपलं, याला शाळेत दुसरा तास नाही.

मी पीजीसीई (शिक्षक होण्याचा कोर्स) करतेय, मलाच इयर सेव्हनची बेसलाइन बनवायला सांगितलीये. कशी बनवू?

वा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

पहिलं म्हणजे एका तासापेक्षा जास्त खर्च करू नकोस, आरईला बऱ्याच शाळांत आठवड्याला एकच तास असतो. दुसरं, सामान्यज्ञानाची स्पर्धा करू नकोस, गुरुद्वाऱ्याला किती दारं असतात हे कळून तुला पुढचा धडा कसा घ्यायचा ते कळणार नाही. जे माहीत नसेल तर पुढचं अडेल तेच विचार. आणि पर्याय असे दे की चुकीच्या उत्तरातूनही काही कळेल, म्हणजे 'मुसलमान कोणाची उपासना करतात' याखाली अल्लाहबरोबर मुहंमद पैगंबर हा पर्याय ठेव, किती मुलं तो निवडतात ते बघ, इस्लामचा पहिला धडा कुठून सुरू करायचा ते तिथेच ठरतं. तसंच ईस्टरला येशूचा जन्म, ख्रिसमसला पुनरुत्थान, ही उलटापालट दरवर्षी होते, चर्च स्कूलच्या मुलांकडूनही. प्रत्येक प्रश्नापुढे 'खात्री आहे / अंदाज आहे' असा छोटा रकाना ठेव, खात्रीने चुकलेलं उत्तर हे अंदाजाने चुकलेल्यापेक्षा दुरुस्त करायला अवघड असतं.

ऑफस्टेडने २०२१ च्या रिव्ह्यूमधे आरईतल्या ज्ञानाचे तीन प्रकार मांडलेत, धर्मांबद्दलची माहिती, ती माहिती लोक कशी मिळवतात आणि तपासतात याची समज, आणि आपण स्वतः कुठल्या चष्म्यातून बघतो याची जाण. बहुतेक बेसलाइन पहिल्यावरच थांबतात. बाकीच्या दोन्हीसाठी एकेक उघडा प्रश्न पुरतो. मी देते तो असा: दोन हिंदू कुटुंबं दिवाळीला वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि वेगवेगळं काही करतात, दोघंही बरोबर कसे असू शकतील? यावर ज्या मुलाला हिंदू धर्माचं शून्य माहितीये तोही 'आमच्याकडे ख्रिसमसला आजीकडे वेगळं असतं' असं लिहून जातो आणि मला कळतं की याला विचार करता येतो. शेवटी एक ओळ, 'हे तुला कुठून कळलं': शाळा, घर, मंदिर-चर्च-मशीद, यूट्यूब. यूट्यूबचा आकडा बघून धक्का बसेल, तयारी ठेव.

हीच क्विझ जुलैमधे परत दे, नवीन बनवू नकोस. आणि निकाल एक्सेलमधे रंगवून ठेवण्यापेक्षा पुढच्या दोन धड्यांत काय बदललंस ते लिहून ठेव, मेंटरला तेच दाखव.

पॅरेंट्स ईव्हनिंगला आरईच्या सरांना काय विचारू? पाचच मिनिटं मिळतात.

'मार्क किती' विचारू नका. 'बेसलाइनमधे त्याचं काय कच्चं निघालं आणि त्यावर वर्गात काय केलंत' हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजा कागद कपाटात गेलाय. वेळ उरला तर घरी कुठला धर्म, कुठल्या चालीरीती आहेत ते तुम्हाला हवं तेवढं सांगा, आम्हाला ते दुसरीकडून कळत नाही.

हे सगळं बदलणार आहे म्हणतात?

२०२५ च्या नोव्हेंबरमधे सरकारने नेमलेल्या करिक्युलम रिव्ह्यूने आरईला टप्प्याटप्प्याने नॅशनल करिक्युलममधे आणायची शिफारस केली. तसं झालं तर निदान सगळ्या प्रायमरीतून मुलं साधारण सारखं शिकून येतील, पण त्यात हिंदू धर्म, बौद्ध धर्म कसा मांडला जातो हे बघावं लागेल. तोपर्यंत अभ्यासक्रमाची चर्चा जिथे होते तिथे जा. प्रत्येक लोकल ऑथॉरिटीत आरईबद्दल सल्ला देणारी साक्रे नावाची समिती असते, तिच्यावर वेगवेगळ्या धर्मांचे प्रतिनिधी असतात आणि तिच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. कौन्सिलच्या वेबसाइटवर तारीख मिळते.